दार उघडं असूनही ती बाहेर का पडत नाही?

प्रश्न असा आहे: शेजारच्या घरी सहा महिन्यांपासून कामाला असलेली एक तरुण मुलगी कधीच एकटी बाहेर दिसत नाही. तिच्याशी बोलायला गेलं की घरातलं कुणीतरी मध्ये येतं आणि तिच्या वतीने उत्तर देतं. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत तिच्या कामाचे आवाज येत असतात. एकदा तिच्या दंडावर भाजल्याचा डाग दिसला. ही मानवी तस्करी असू शकते का? असेल तर कुठे आणि काय कळवायचं? माझा अंदाज चुकीचा निघाला तर? आणि कळवल्यामुळे तिचेच हाल वाढले तर?

गेली वीसेक वर्षं मी अशा परिस्थितीतून बाहेर आलेल्या माणसांबरोबर काम करते आहे. त्यातला बहुतेक काळ निवारागृहात, समुपदेशक म्हणून गेला. तुमच्या चार प्रश्नांपैकी शेवटचा मला सर्वांत मोलाचा वाटला. तो ज्यांना पडतो, त्यांच्या हातून सहसा मोठी चूक होत नाही. म्हणून पुढचं सगळं त्या प्रश्नाला धरूनच लिहिते.

आधी एक गोष्ट. ती अठरा वर्षांखालची असावी असं वाटत असेल, किंवा आत्ता, या क्षणी मारहाणीचे आवाज येत असतील, तर हे वाचत बसू नका. आपत्कालीन क्रमांकावर (भारतात ११२) फोन करा. खात्री पटवण्याचं काम तुमचं नाही. जे दिसलं, जे ऐकू आलं, तेवढं सांगणं पुरे असतं.

आता ओळखण्याबद्दल. मराठीत आपण ‘मानवी तस्करी’ म्हणतो आणि इथेच पहिली गफलत होते. तस्करी म्हटलं की डोळ्यांसमोर सरहद्द येते, रात्रीचा ट्रक येतो, लपवलेला माल येतो. त्यामुळे ज्या माणसाला कुणी कुठे लपवून नेलेलं नाही, जे रोज सकाळी समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालतं, ते तस्करीत अडकलेलं असू शकतं हे मनाला पटतच नाही. कायद्याची व्याख्या मात्र वेगळी आहे. नोव्हेंबर २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मंजूर केलेला आणि २५ डिसेंबर २००३ पासून लागू झालेला जो करार ‘पालेर्मो प्रोटोकॉल’ म्हणून ओळखला जातो, त्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली कृती: माणसाला कामासाठी गाठणं, नेणं, दुसऱ्याच्या ताब्यात देणं, ठेवून घेणं. दुसरं साधन: जबरदस्ती, धमकी, फसवणूक, पळवून नेणं, किंवा त्याच्या असहायतेचा गैरफायदा घेणं. तिसरा हेतू: त्याचं शोषण करणं. ‘ठेवून घेणं’ हीसुद्धा कृतीच आहे, हे लक्षात घ्या. सरहद्द ओलांडण्याची गरज नाही. गाव सोडण्याचीही गरज नाही. पैसे घेऊन लोकांना चोरवाटेने सीमेपार पोचवणं हा वेगळा गुन्हा आहे आणि त्यासाठी वेगळा प्रोटोकॉल आहे. तिथे प्रवास संपला की व्यवहार संपतो; इथे माणूस मुक्कामाला पोचला की खरा व्यवहार सुरू होतो. अर्थात पहिल्यातून दुसऱ्यात घसरायला फारसा वेळ लागत नाही.

या व्याख्येतल्या दोन गोष्टी मी प्रत्येक नव्या कार्यकर्त्याला पहिल्याच दिवशी सांगते. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत साधन सिद्ध करावं लागत नाही. शोषणासाठी त्याला आणलं किंवा ठेवलं, एवढंच पुरतं. आणि मोठ्या माणसाच्या बाबतीत, फसवणूक किंवा धाक वापरला गेला असेल तर ‘पण ती स्वतःच्या मर्जीने आली होती’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही. मर्जीने आलेली असते, बहुतेकदा. नोकरीसाठी आलेली असते, लग्नासाठी आलेली असते. तिने होकार दिला होता तो तिला सांगितलेल्या गोष्टीला. समोर आलं ते दुसरंच होतं.

आणखी एक समज. तस्करी म्हणजे फक्त देहविक्रय आणि त्यात अडकतात फक्त बायका, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, ‘वॉक फ्री’ ही गुलामगिरीविरोधी संस्था आणि आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना यांनी मिळून २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात २ कोटी ७६ लाख माणसं सक्तीच्या श्रमात होती. त्यांतली १ कोटी ७३ लाख खासगी मालकांकडे शेतात, बांधकामावर, कारखान्यांत, मासेमारीच्या बोटींवर आणि घरांत राबत होती. लैंगिक व्यवसायात जबरदस्तीने ठेवलेल्यांची संख्या ६३ लाख होती. उरलेली सुमारे ३९ लाख खुद्द शासनयंत्रणांनी सक्तीने कामाला जुंपलेली होती. पैशाचं चित्र मात्र उलटं आहे. याच श्रम संघटनेने २०२४ मध्ये सक्तीच्या श्रमातून मिळणारा बेकायदा नफा वर्षाला २३६ अब्ज डॉलर इतका मांडला आणि त्यातला ७३ टक्के लैंगिक शोषणातून येतो असं दाखवलं. म्हणजे नफा तिथे जास्त आहे, आणि माणसं दुसरीकडे जास्त आहेत. आपली नजर जिथे खिळलेली असते, त्याच्या बाहेर फार मोठा समूह राहून जातो. घरकामाला ठेवलेली मुलगी त्यातलीच. तिला पाहणारे कितीतरी असतात, पण तिच्याकडे लक्ष जात नाही.

आता तुमच्या शेजारणीबद्दल. ‘दार उघडं असतं, मग ती पळून का जात नाही?’ हा प्रश्न पोलीस विचारतात, न्यायालयात विचारला जातो, नातेवाईकही विचारतात. मी शेकडो वेळा ऐकलेली उत्तरं अगदी साधी आहेत. बाहेर पडून जायचं कुठे, हे माहीत नसतं. भाषा येत नाही. ओळखीचे कागद मालकाच्या कपाटात असतात. ‘तुझ्या आईबापांचं घर आम्हाला माहीत आहे,’ एवढं एक वाक्य कडीकुलपापेक्षा मजबूत असतं. ‘पोलिसांकडे गेलीस तर तुलाच आत टाकतील,’ असं तिला पढवलेलं असतं, आणि परदेशात बिनकागदपत्रांच्या माणसाच्या बाबतीत ते खरंही ठरू शकतं. शिवाय लाज. घरी पैसे पाठवायला निघालेलं माणूस रिकाम्या हाताने परत जायला तयार नसतं. त्यापेक्षा ते आणखी एक वर्ष सोसतं.

आणि कर्ज. याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण बाहेरच्याला हे सर्वांत उशिरा कळतं. सुरुवात उचलीने होते: घरच्यांच्या हातात ठेवलेली आगाऊ रक्कम, किंवा दलालाने ‘नंतर दे’ म्हणून केलेला प्रवासखर्च. मग राहण्याचे पैसे, खाण्याचे पैसे, आजारपणात बुडलेल्या दिवसांचा दंड, फुटलेल्या भांड्याचा दंड, या सगळ्यावर व्याज. हिशोबाची वही एकाच्याच हातात असते. माणूस जितकं राबतं, तितकं देणं वाढत जातं. यातली सर्वांत क्रूर गोष्ट अशी की अडकलेल्या माणसाला ते कर्ज खरं वाटतं. आपण घेतलंय, आपणच फेडलं पाहिजे, हा त्याचा प्रामाणिकपणा असतो, आणि मालक नेमका त्या प्रामाणिकपणाचाच दोर करून त्याला बांधतो. निवारागृहात सुखरूप पोचल्यावर ‘माझे अजून एवढे पैसे फिटायचे आहेत’ म्हणून रडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

म्हणून साखळदंड शोधू नका. पाच गोष्टी कुणाच्या हातात आहेत ते पाहा: कागद, पैसा, फोन, दार आणि उत्तर. तिचे ओळखीचे कागद तिच्याकडे आहेत का? मजुरी तिच्या हातात पडते का? तिला हवं तेव्हा घरच्यांशी एकटीने बोलता येतं का? कुणाला न विचारता ती बाहेर जाऊ शकते का? आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ती स्वतः देते का? तुम्ही वर्णन केलेल्या घरात निदान दोन गोष्टी दुसऱ्यांच्या हातात असल्याचं दिसतंय, दार आणि उत्तर. त्यात अपार कामाचे तास आणि भाजल्याचा डाग. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या श्रमाची जी अकरा लक्षणं ठरवली आहेत, त्यांत हालचालींवर बंधन, एकटं पाडणं, शारीरिक हिंसा आणि अतोनात जादा काम ही चारही आहेत. एका लक्षणाने काही सिद्ध होत नाही. लाजाळू माणसं असतात, कडक घरं असतात, भाजणं अपघातानेही होतं. पण चार गोष्टी एकत्र दिसल्या, तर कळवण्याइतकं कारण तुमच्याकडे नक्की आहे.

इतर ठिकाणची लक्षणं थोडक्यात सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणी डॉक्टर असेल, कुणी शिक्षक, कुणी हॉटेलात कामाला. दवाखान्यात: सोबतचा माणूस खोलीबाहेर जायला तयार नाही, जखम जुनी आहे पण इलाज पहिल्यांदाच होतोय, रुग्णाला आपण कुठे राहतो ते सांगता येत नाही. शाळेत: एखादं मूल अचानक गैरहजर राहू लागतं, त्याच्याकडे न परवडणारा फोन येतो, वयाने बराच मोठा एक ‘मित्र’ न्यायला-आणायला येतो. कामाच्या ठिकाणी: सगळे कामगार एकाच गाडीतून येतात, एकाच खोलीत राहतात, आणि तपासनीस आला की सगळ्यांची उत्तरं शब्दशः सारखी असतात. अलीकडचा प्रकार म्हणजे परदेशात संगणकावरच्या चांगल्या पगाराच्या नोकरीची जाहिरात. तिथे गेल्यावर पासपोर्ट काढून घेतात, कुंपणाच्या आत कोंडतात आणि इंटरनेटवरून लोकांना फसवायला लावतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ मध्ये म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसं अशा कामात अडकल्याचा अंदाज दिला. त्यांत शिकलेले, अनेक भाषा येणारे तरुण पुरुषही मोठ्या संख्येने होते. ‘शिकलेला माणूस कसा फसेल’ असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आणि जे लक्षण नाही, तेही सांगते. मोटारीच्या दाराला अडकवलेली पट्टी, दारावरची खूण, पांढरी व्हॅन, असले फिरणारे निरोप बहुतांशी निराधार असतात. भररस्त्यातून उचलून नेणं हे तस्करीचं नेहमीचं रूप नव्हे. माणूस जाळ्यात येतं ते बहुतेकदा ओळखीच्याच्या बोटाला धरून: नातेवाईक, गावातली बाई, प्रियकर, नोकरी लावून देणारा. २०२० मध्ये अमेरिकेत एका ऑनलाइन फर्निचर विक्रेत्याच्या नावाने मुलं विकली जात असल्याची अफवा उठली. तिच्यामागे लागलेल्या लोकांच्या फोनमुळे तिथल्या राष्ट्रीय हेल्पलाइनला खऱ्या अडचणीतल्या माणसांपर्यंत पोचणं अवघड झालं. असा निरोप पुढे पाठवणं ही मदत नाही, उलट त्याने मदतीची वाट अडते.

तिच्याशी बोलावं का? संधी सहज मिळाली तर बोला, ओढून-ताणून आणू नका. ती खरोखर एकटी असेल तेव्हाच, आणि सुरुवातीला शेजाऱ्याने शेजाऱ्याशी बोलावं एवढंच. ‘तुझी तस्करी झालीय का’ असं कुणीही कुणाला विचारू नये. हा शब्द तिच्या मनात नसतोच. ‘घरी बोलणं होतं का गं?’, ‘झोपायला जागा बरी आहे का?’, ‘सुट्टी कधी असते?’, ‘काम सोडावंसं वाटलं तर काय म्हणतील?’ असे प्रश्न पुरतात. तिने उत्तर टाळलं तर विषय तिथेच सोडून द्या. दुसऱ्यांदा भेटाल तेव्हा ती तुम्हाला जोखत असेल, आणि तिने जोखावंच. वचन देऊ नका. ‘मी तुला बाहेर काढेन’ हे वाक्य तर अजिबात नको, कारण ते तुमच्या हातात नाही. चिठ्ठी, कार्ड, लपवलेला फोन देऊ नका. सापडला तर मार तिला बसतो. क्रमांक सांगायचाच तर लहानसा, पाठ होण्यासारखा सांगा.

माझी स्वतःची एक चूक सांगते. कामाच्या पहिल्या वर्षांत एका बाईशी बोलायला मी दुभाषी म्हणून तिच्याच भागातली, तिचीच भाषा बोलणारी एक ओळखीची बाई नेली. मला वाटलं, हिला बरं वाटेल. जिच्याशी बोलायचं होतं ती तासभर खाली मान घालून बसली आणि सगळं नाकारत राहिली. पुढे कळलं की दुभाषी तिला आणणाऱ्या दलालाच्या नात्यातली होती. तिने माझ्यासमोर तोंड उघडलं असतं तर तिच्या घरी निरोप गेला असता. त्यानंतर दुभाषी निवडताना मी भाषेआधी नाती तपासते. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये तस्करीतून आलेल्या स्त्रियांशी बोलण्यासाठी दहा शिफारसी केल्या. त्यांतली पहिलीच ‘अपाय करू नका’ ही आहे, आणि उलट काही सिद्ध होईपर्यंत धोका टोकाचा आहे असं धरून चालायला ती सांगते. तेव्हा मला ती माहीत असायला हवी होती.

काय करू नये, हे मी जरा कडक शब्दांत सांगते. मालकाला जाब विचारू नका. त्या रात्रीतून मुलीला दुसरीकडे हलवलं जातं आणि माग संपतो. पाठलाग करू नका. तिचा फोटो कुठेही टाकू नका, ‘मदतीसाठी’ म्हणूनसुद्धा नाही. आणि पैसे भरून तिला ‘सोडवू’ नका. तुमचा हेतू शुद्ध असेल, पण तस्कराच्या लेखी ती एक विक्री असते, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर तो त्याच पैशातून दुसरीला आणतो.

मग करायचं काय? लिहायचं. एक वही करा किंवा फोनमध्ये कुलूपबंद नोंद ठेवा. तारीख, वेळ, काय पाहिलं, काय ऐकलं. ‘तिला छळतात’ असं लिहू नका. ‘मंगळवारी रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात भांडी घासण्याचा आवाज, बुधवारी पहाटे पाचला पुन्हा’ असं लिहा. ‘दार बाहेरून लावलेलं पाहिलं, घरची माणसं दुपारी दोन ते सात बाहेर’ असं लिहा. तुम्ही पाहिलेलं आणि तुम्हाला वाटलेलं यांच्यामध्ये स्पष्ट रेघ ठेवा. तिचं अंदाजे वय, ती कोणती भाषा बोलते, घरात कोण कोण आहे, कुणाची ये-जा असते, गाडीचा क्रमांक, तिला एकटी पाहण्याची वेळ. शेवटची नोंद मोलाची आहे, कारण तपासाला येणाऱ्यांना मालक घरी नसतानाची वेळ कळली तर तिच्याशी मोकळेपणी बोलता येतं.

कळवायचं कुठे, ते देशागणिक बदलतं. तातडीचा धोका असेल तर पोलीस. भारतात आणि युरोपीय संघाच्या सर्व देशांत ११२ हाच क्रमांक चालतो. मुलांसाठी भारतात १०९८ आहे. अमेरिकेत तस्करीविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १-८८८-३७३-७८८८, ब्रिटनमध्ये ०८००० १२१ ७००. तातडी नसेल आणि मोठ्या माणसाचा प्रश्न असेल, तर आधी हेल्पलाइन किंवा या क्षेत्रातली अनुभवी संस्था, असं माझं मत आहे. एक तर तिथे नाव न सांगता बोलता येतं. दुसरं म्हणजे पोलिसांना कधी आणि कसं सोबत घ्यायचं, निवारा आधी तयार ठेवायचा का, दुभाषी कोण, याचा विचार ते आधी करतात. अचानक पडलेल्या छाप्यात माणूस सुटतं, पण कुठे जायचं ते ठरलेलं नसेल तर आठवड्याभरात दलालाच्या हाती परत सापडतं. कामाच्या जागेची तक्रार असेल तर श्रम निरीक्षकांनाही कळवा. माणूस परदेशात अडकलं असेल तर त्याच्या देशाचा दूतावास आणि तिथली हेल्पलाइन, दोन्हीकडे. त्याने पाठवलेले निरोप, ठिकाणाची खूण, नोकरीची मूळ जाहिरात, दलालाचे क्रमांक हे काहीही पुसू नका.

फोनवर सांगताना पहिल्या तीन वाक्यांत ठिकाण, व्यक्ती आणि धोका यावा. ‘या पत्त्यावर साधारण अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी घरकामाला आहे. सहा महिन्यांत ती एकटी बाहेर दिसलेली नाही आणि दंडावर भाजल्याची खूण आहे. घरातले लोक तिला बोलू देत नाहीत, म्हणून तिला एकटीला भेटावं लागेल.’ एवढं बोललात तरी पुढचं ते विचारतात. नोंद क्रमांक मागून घ्या. आणि हे जरूर सांगा: ‘तक्रार शेजाऱ्यांनी केली असं तिथे कुणाला कळू देऊ नका.’

तुमचा अंदाज चुकला तर? तर कुणीतरी एका घराची चौकशी करून परत जाईल. खऱ्या संशयावरून, खऱ्या नोंदींसह केलेला फोन हा गुन्हा नाही. शिवाय पुष्कळदा असं होतं की तस्करी सिद्ध होत नाही, पण बुडवलेली मजुरी, मारहाण, बालमजुरी यांपैकी काहीतरी समोर येतं. तेही थांबायलाच हवं असतं.

आता ती बाहेर आली असं समजू. बातमीत गोष्ट इथे संपते. आमचं काम इथे सुरू होतं.

पहिल्या काही तासांत तिला जबाबापेक्षा पाणी, झोप आणि बंद करता येणारं दार लागतं, ज्याची कडी आतून, तिच्या हातात असते. माझ्या अनुभवात त्या कडीने जेवढं काम केलं तेवढं समुपदेशनाच्या पहिल्या आठवड्याने केलं नाही. लैंगिक अत्याचार झाला असेल तर मात्र घड्याळाकडे लक्ष ठेवावं लागतं. एचआयव्ही टाळण्याचं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. गर्भधारणा टाळण्याची गोळी पाच दिवसांपर्यंत देता येते. अंगावरचे कपडे पुरावा म्हणून लागू शकतात, ते कागदी पिशवीत ठेवतात, प्लॅस्टिकच्या नाही. हे सगळं तिला समजेल अशा भाषेत सांगून, तिचा होकार घेऊन. इतके दिवस तिच्या शरीराचे निर्णय दुसऱ्यांनी घेतले. तपासणीच्या खोलीत तेच पुन्हा होता कामा नये.

मग येतो जबाब, आणि तिथे बहुतेकांचा धीर सुटतो. ती आज एक सांगते, परवा दुसरं. तारखा जुळत नाहीत, मधले महिने गायब असतात. नवख्यांना वाटतं, ही खोटं बोलतेय. जबर धक्क्यातून गेलेल्या माणसाची आठवण अशीच तुटक असते: एखादा वास, एखादं दार अगदी स्पष्ट, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे अंधार. विश्वास बसत जातो तसतसं नवं बाहेर येतं. म्हणूनच युरोप परिषदेच्या २००५ च्या तस्करीविरोधी करारात, अशा परदेशी व्यक्तीला सावरायला आणि विचार करायला किमान ३० दिवस द्यावेत, त्या काळात तिला देशाबाहेर घालवू नये, अशी तरतूद आहे. माझ्या मते तीस दिवस फार कमी आहेत, पण शून्यापेक्षा कितीतरी बरे. त्याच करारात दुसरं एक तत्त्व आहे: सक्तीने करायला लावलेल्या गुन्ह्यांसाठी अशा व्यक्तीला शिक्षा न करण्याची सोय कायद्यात असावी. फसवणुकीच्या कॉल सेंटरमधून सुटलेल्या तरुणाला आरोपी म्हणून उभं केलं जातं, तेव्हा त्याच्या वकिलाने पहिल्यांदा हेच तत्त्व पुढे ठेवायला हवं.

‘तिला घरी पाठवा’ हे सगळ्यांच्या तोंडी असतं. घर कधी औषध असतं, कधी तिथूनच आजार सुरू झालेला असतो. कुणी पाठवलं होतं, उचल कुणी घेतली होती, परत गेल्यावर दलाल कुठे भेटेल, हे पाहिल्याशिवाय मी कुणालाही गाडीत बसवत नाही. आणि ती परत गेली, अगदी त्याच मालकाकडे गेली, तर रागावू नका. हे होतं. अनेकींना बाहेर पडायला एकाहून अधिक प्रयत्न लागतात. दुसऱ्या वेळी ती फोन त्याच माणसाला करते ज्याने पहिल्या वेळी तिला नावं ठेवली नव्हती.

शब्दांबद्दलही एक मनापासूनची विनंती. आपण ‘तस्करीची बळी’ म्हणतो. बळी गेलेला परत येत नसतो. ती तर आली आहे, समोर बसली आहे, उद्या काय करायचं ते विचारते आहे. कायदेशीर कागदावर ‘पीडित’ लिहावं लागतं, ते ठीक. बोलताना तिला तिच्या नावाने हाक मारा. तिची कहाणी पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका, व्यासपीठावर तर नकोच. आयसिसच्या कैदेतून सुटलेल्या इराकमधल्या यझिदी समाजातल्या नादिया मुराद यांनी स्वतःवरच्या गुलामीबद्दल जगासमोर बोलायचं ठरवलं, २०१८ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं, आणि त्यांच्या बोलण्याने फार मोठं काम केलं. पण तो त्यांचा निर्णय होता. न बोलणाऱ्या हजारोंचा निर्णयही तितकाच धाडसाचा आहे.

दीर्घकाळ टिकणारी मदत फारशी नाट्यमय नसते. बुडालेली मजुरी वसूल करून देणारा वकील. नवे ओळखपत्र. स्वतःच्या नावाचं बँक खातं, ज्याचा आकडा दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. तिला जे काम करावंसं वाटतं त्याचं शिक्षण. सगळ्यांच्याच पुढ्यात शिवणयंत्र ठेवणं नव्हे. न्यायालयाच्या तारखेला सोबत येणारं कुणीतरी, तीन वर्षांनीसुद्धा. यांपैकी एखादी गोष्ट शेजारी म्हणून, सहकारी म्हणून तुम्हालाही करता येईल, संस्थेला विचारून.

तुमच्या बाबतीत आज रात्रीचं काम एवढंच आहे: आठवतं तेवढं तारखांसह लिहून काढा आणि उद्या घरापासून दूर जाऊन हेल्पलाइनला फोन करा. नंतर शेजाऱ्यांशी जसे वागत होतात तसेच वागा, तिच्याशीही. पुढे काय झालं ते तुम्हाला कुणी कळवणार नाही, आणि तिच्या सुरक्षिततेसाठी तेच योग्य आहे. नोंदी चालू ठेवा. दोन आठवड्यांत काही हललं नाही किंवा नवं काही दिसलं, तर तोच नोंद क्रमांक सांगून पुन्हा फोन करा. ती अचानक दिसेनाशी झाली, तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी करा.